कार्बोरेटरच्या रबराला खोबरेल

विट्याचा तो मेकॅनिक रबर कानाशी धरून ताणायचा. करकरलं की म्हणायचा, "म्हातारं झालंया, पर दमानं घेतलं तर चालंल." 'खराब' हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. रबराला शिवण्याआधी तो हात धुवायचा, जेवायच्या आधी मात्र धुवेलच असं नाही.

पंचाहत्तर सालच्या आसपास मी नवी नवरी होते आणि अक्कल नुसती उतू चाललेली. आमच्या जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरची रबरी नळी कडक पडलेली दिसली, तर मी आठवडाभर तिला गुपचूप खोबरेल चोळलं. केस मऊ होतात, मग रबर का होणार नाही? नळी फुगून सैल झाली आणि गाडी चालूच होईना. ह्यांची सुट्टी संपलेली. पलटणीत परतायला दुपारी कराडहून रेल्वे धरायची होती.

मेकॅनिक घरी आला. त्यानं नळी हुंगली, मग माझ्या चापूनचोपून घातलेल्या वेणीकडे बघितलं. मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"पेट्रोल झिरपून फुगलंया, हवालदार," तो म्हणाला आणि ह्यांना बाहेर घेऊन गेला. मग स्वतःच्या गाडीची नळी काढून आमच्या गाडीला बसवली आणि आपली गाडी ढकलत निघून गेला.

नवरा बरा गंडला, या खुशीत मी कितीतरी वर्षं काढली. म्हातारपणी एकदा हसत हसत कबूल केलं, तर हे म्हणाले, "मला त्यानं तेव्हाच सांगितलं होतं. 'वैनीस्नी एक शबूद बोलायचा न्हाई, तरच माझं रबर काढतो.'"