जुन्या फायलीतली तोंडं

लहान काम हातासरशी होतं, असं म्हणणाऱ्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला हवं. आणि असं म्हणणारी मीच होते, म्हणून जास्त चीड येते.

त्या उन्हाळ्यात माझ्याकडे ॲनिमेशनची दोन कामं होती. मोठं महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीचं: नव्या कर्मचाऱ्यांना नियम समजावणारा एक चष्मेवाला साहेब, त्याच्या तीस छोट्या फिल्म. लहान काम जयनगरमधलंच, माझ्या खालच्या मजल्यावरच्या अक्कांचं. अक्का मूळच्या मराठी, पण तीन पिढ्या इथल्या कन्नड मुलखात, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. त्यांच्या सहा वर्षांच्या नातीला ऐकू फार कमी येतं. ती ओठ वाचून बोलायला शिकलीय. जूनपासून ती साध्या शाळेत जाणार होती आणि तिथे सगळा कारभार कन्नडमध्ये. तिच्यासाठी, ओठ बघून शिकायला, पाच कन्नड वाक्यांची फिल्म हवी होती. त्यातलं सगळ्यात गरजेचं वाक्य ‘नन्न मुख नोडि माताडि’, म्हणजे माझ्या चेहऱ्याकडे बघून बोला.

“माणूस तिसऱ्यांदा सांगताना कंटाळतो आणि ते तिला दिसतं,” अक्का म्हणाल्या. “तुझं चित्र कंटाळणार नाही. स्वल्प लवकर दे हं.”

मी हो म्हटलं आणि साहेबाच्या भुवयांकडे वळले. त्या भुवयांवर कंपनीत तीन बैठका झाल्या. आधी म्हणे रागीट दिसतात, मग फारच मवाळ, मग पुन्हा पहिल्यासारख्याच करा. डोकं उठलं माझं, पण दर वेळी मुकाट्याने बदलत गेले. अक्कांनी जिन्यात दोनदा विचारलं, तेव्हा मात्र आवाज चढला. कंपनीपुढे गाय आणि शेजारणीपुढे वाघ, दुसरं काय!

शाळेला चार दिवस उरले तेव्हा ते काम मी एका दुपारी उरकलं. आमच्या कामात एक सोय असते. बोलणाऱ्या पात्राची तोंडं दर वेळी नव्याने काढत नाहीत. उघडं, मिटलेलं, गोल अशी नऊ-दहा एकदा काढून ठेवायची आणि आवाजाबरोबर बदलत राहायची. मी साहेबाची तोंडं उचलली आणि अक्कांच्या फिल्ममध्ये ती वाक्यं बोलणाऱ्या ताईला लावली. साहेब भराभर बोलायचा, म्हणून ‘म’ला त्याचे ओठ मी धड मिटवलेच नव्हते. कुणाला कळतंय, सोबत आवाज असतो ना!

नात जमिनीवर मांडी घालून बघत होती. एकदा, दोनदा, चारदा. मग तिने आजीकडे वळून विचारलं, “ही काय खातेय?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अक्का रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसतं ‘सरी, सरी’, म्हणजे ठीक आहे, म्हणत कॉफी करायला गेल्या.

मग मी आरसा घेऊन बसले. एकेक वाक्य स्वतः हळूहळू म्हणायचं, ओठ बघायचे, काढायचे. माझं कन्नड भाजीवाल्यापुरतं, म्हणून समोरच्या दुकानदारीणबाईंकडून वाक्यं पुन्हापुन्हा म्हणवून घेतली. चार दिवसांत झालं असतं. पण मध्येच साहेबाच्या भुवया परत आल्या आणि मी आधी त्या केल्या. हे आज लिहितानाही लाज वाटते. ‘नंतर करते’ म्हणायची माझी छाती कंपनीसमोर झाली नाही, अक्कांसमोर झाली.

शाळा सुरू होऊन तिसरा दिवस होता तेव्हा फिल्म घेऊन खाली गेले. नात टक लावून बघत राहिली आणि सहाव्या खेपेला ‘नन्न मुख नोडि माताडि’ हे पूर्ण वाक्य म्हणाली, अगदी स्वच्छ. मी खूश होऊन अक्कांकडे पाहिलं.

त्यांनी शाळेची डायरी माझ्यापुढे धरली. बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, त्या म्हणाल्या, आणि हिला काय म्हणायचं ते ठाऊक नव्हतं. पहिल्याच दिवसाच्या पानावर लाल शाईत कन्नडमध्ये एक ओळ होती. मला वाचता येईना, म्हणून अक्कांनीच वाचून दाखवली.

“मुलगी लक्ष देत नाही.”