‘आलोच’ म्हणून गेलेले

डोळा लागतोय. वाळूत रुतलेल्या माझ्या जीपच्या सावलीत चटई टाकून मी आडवी झालेय. पोटात माझ्या मैत्रिणीची, लिसीची बिर्याणी, आणि पलीकडे तिचा नवरा जोसेफ चहासाठी स्टोव्ह पेटवतोय. चहा झाला की गाडी मी काढून देतो, असं तो दोनदा सांगून गेला. चांगल्या मनाने म्हणतोय, तरी माझं डोकं फिरतं.

गाडी रुतली ती माझ्याच शहाणपणाने. लांब जायचं म्हणून सकाळी मस्कतमध्ये पंपावर चारही चाकांत टच्च हवा भरून घेतली, मुंबईहून दापोलीला निघताना भरायचो तशी. वाळूच्या पहिल्याच चढावर चाकं आत. तिकडे दापोलीहून दीर रोज फोन करतात, “वहिनी, एकटी बाई तिथे काय करणार? गाडी विका आणि या निघून.” शेवटी मीच बोलून बसले: शुक्रवारी वाळवंटात जाते आणि गाडी स्वतः चालवत परत आणते. नाही जमलं तर विकते, नोकरी सोडते, येते. आज तो शुक्रवार, आणि उद्या सकाळी गाडी बघायला गिऱ्हाईक यायचंय.

स्टोव्हचा आवाज लांब लांब जातो.

“सरक.”

हे आहेत. माझा नवरा, विद्याधर, जाऊन अकरा महिने झालेले. अंगात बनियन आणि लेंगा. मी स्टिअरिंगवर बसलेय, कधी बसले आठवत नाही. काचेपुढे आमचं स्वयंपाकघर आहे, ओट्यावर कणकेचा हा एवढा ढीग, आणि गाडीची चाकं त्यात अर्धी बुडालीत. मला त्यात काही वावगं वाटत नाही.

“सरक पलीकडे. तुला जमायचं नाही.”

“नाही सरकत.”

“अगं, पण...”

“‘आलोच’ म्हणून गेलात. दूध गॅसवर होतं. गाडी पुसायला खाली उतरलात, ते उतरलातच. असं म्हणतात का जाताना?”

“मग आलो की!”

मला हसू येतं आणि त्या हसण्याचाच राग येतो. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकायचंय मला, फार टेकायचंय. टेकत नाही. टेकलं तर सरकेन.

ओट्याच्या जागी आता दापोलीचं अंगण आहे. दीर खुर्चीत बसून माझ्या साड्या बॅगेत भरतायत.

“बघा तुमचे भाऊ.”

“प्रभाकर पहिल्यापासून तसाच.”

“आणि तुम्ही? एकवीस वर्षं शेजारच्या सीटवर बसवलंत मला. पाण्याची बाटली उघडून द्यायला.”

ते स्टिअरिंगकडे बघतात, माझ्याकडे बघतात.

“हवा काढ,” शेवटी म्हणतात.

“माझी? ती जन्मभर काढलीत.”

“चाकांची गं! निम्म्याहून कमी कर. वाळूत चाक पसरायला हवं.”

लेंग्याच्या खिशातून काहीतरी काढून ते माझ्या तळहातावर ठेवतात आणि माझी बोटं मिटवतात. हात गरम आहे. मग गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसतात.

“पाणी देऊ?” विचारतात.

“चाय!” जोसेफ हाक मारतो.

मी चटईवर. मूठ आवळलेली. उघडते तर चाकाच्या व्हॉल्व्हचं पितळी टोपण, वाळूने भरलेलं. आमच्या गाडीला अशी तीनच आहेत. चौथं यांनी दोन वर्षांपूर्वी याच भागात हरवलं होतं आणि दुपारभर गुडघ्यांवर बसून शोधलं होतं.

चहा तसाच ठेवून मी एकेका चाकाशी बसते आणि हवा सोडते. चौथं टोपण त्याच्या जागी घट्ट फिरवते. जोसेफ किल्लीसाठी हात पुढे करतो. मी देत नाही.

दुसऱ्या दमात गाडी मागे सुटते. मी थांबत नाही, सकाळी जिथे रुतले त्याच चढाकडे तोंड करते.

“अरे, अकेली कहाँ?” लिसी घाबरून ओरडते.

“आलेच!” मी मराठीतच ओरडते. चढते, पलीकडे उतरते, वळसा घालते, आणि येते.