घंटा थांबली की दार बंद

आमच्या खालच्या मजल्यावरचे घंटाकाका संसदेत नोकरीला. काम एकच: मतदानाची वेळ झाली की बटण दाबून धरायचं. घंटा वाजते तोवर खासदारांनी सभागृहात यायचं. थांबली की दारं बंद, बाहेर राहिला त्याचं मत गेलं.

घरातही त्यांनी राज्यघटना लागू केली होती. भांडण सुरू करायचा अधिकार काकूंचा, कारण संकट काही विचारून येत नाही. पण ते चालू ठेवायचं तर रविवारी जेवताना काका, काकू आणि लेक यांनी हात वर करून मंजुरी द्यायची. देशाचा कायदाही असाच, काका सांगत. पंतप्रधान तातडीने सैन्य पाठवू शकतात. पण मुदतीत संसदेने हो म्हटलं नाही, तर सैन्य घरी.

काकूंचं एकमेव शत्रुराष्ट्र म्हणजे मी. माझ्या कुंड्यांचं पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं. गळायचं, मान्य, झाडांना काय तहान लागत नाही? काका शेजारधर्म पाळून माझ्या बाजूचे. लेकीचं मत डळमळीत, म्हणून मी तिला अधूनमधून फुलं द्यायचो. लाचच ती.

मग लेक सैन्यात गेली, आणि पंतप्रधानांनी तिची तुकडी सीमेवर धाडली. कुणालाही न विचारता. तेवढा अधिकार त्यांना होताच. मुदत संपत आली तसा मंजुरीचा ठराव संसदेत आला.

'सैन्य परत आणा' म्हणून घसा फोडणारे एक जाडजूड खासदार त्या वेळी कँटीनमध्ये चहा पीत होते. घंटा ऐकून ते धावत सुटले. काकांना ते काचेतून दिसत होते. वेळ संपली, काकांनी बोट उचललं, आणि दार खासदारांच्या नाकावर बंद झालं. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर. ते आत असते तर मतं समसमान झाली असती, आणि समसमान म्हणजे ठराव पडला.

हे काकांनी घरी येऊन स्वतःच सांगितलं. शहाणा माणूस गप्प बसला असता.

"जरा जास्त दाबली असती तर बोट झिजलं असतं का तुमचं?" काकू कडाडल्या.

"आज आपल्यासाठी लांबवली, तर उद्या दुसऱ्या कुणासाठी लवकर थांबवीन. मग ती घंटा कसली?"

"पोरगी तिकडे आहे, अहो!"

"माझीपण आहे ना गं ती," काका म्हणाले आणि ढसाढसा रडले.

काकूंनी तरीही अबोला जाहीर केला. काकांनी भीत भीत मंजुरीचं विचारलं. "तिसरं मत सीमेवर आहे," काकू म्हणाल्या, "ते येईपर्यंत युद्ध चालू." मग वर येऊन मला हे सगळं सांगितलं आणि तह केला. दोन आघाड्या झेपत नाहीत म्हणे. मला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली.

मंजुरीही ठराविक मुदतीचीच होती; ती संपत आल्यावर ठराव पुन्हा मतदानाला आला, त्या दिवशी काकूंनी प्रेक्षकांचा पास काढला. मित्रराष्ट्र म्हणून मीही गेलो. पण काकू प्रेक्षकांच्या सज्जात गेल्याच नाहीत. तडक कँटीनमध्ये, त्याच खासदारांच्या टेबलापाशी.

"उठा, साहेब."

"अहो बाई, अजून घंटासुद्धा झाली नाही."

"झाली की धावाल, मागच्यासारखे. आमचे हे एक क्षण जास्त वाजवायचे नाहीत. अख्खा संसार केलाय मी त्यांच्याशी, मला विचारा."

रागाने बोलल्या, पण मान ताठ होती. खासदार अर्धा चहा टाकून उठले. घंटा झाली, नेमानं वाजली, नेमानं थांबली. मतं समसमान. ठराव पडला.

लेक घरी आली. पहिल्याच रविवारी मला जेवायला बोलावलं. काकांवरचं युद्ध एकमताने मागे घेतलं गेलं. मग माझं प्रकरण निघालं, आणि लेकीने आईच्याही आधी हात वर केला.

"अगं, इतकी फुलं खाल्लीस माझी!"

"हो, पण आता तुमचं पाणी माझ्या गणवेशावर गळतंय."

मी वर जाऊन माझ्या गॅलरीतून खाली पाहिलं. दोरीवर तिचा गणवेश निथळत होता. मला भरून आलं. हरल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. त्याच संध्याकाळी मी कुंड्या आत घेतल्या.