मागच्या खोलीतला कॉम्प्युटर

नीलिमा वसमतकर दमली होती. आजारी नव्हती, नवऱ्याशी भांडण नव्हतं, मुलाची काळजी नव्हती. नुसती दमली होती. पण आपल्याकडे दमणं हे दुखण्यात धरत नाहीत. ताप आला तर लोक थर्मामीटर लावतात. दमलेल्या बाईला "जरा पड" म्हणतात, आणि ती पडली की थोड्या वेळानं दारात येऊन "चहा होतोय का?" विचारतात.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यात त्यांचं चार खोल्यांचं जुनं घर. नवरा हिम्मतराव पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. माणूस भला, पण घरातलं काम आपोआप होतं अशी त्याची प्रामाणिक समजूत. मुलगा पुष्कर बंगलोरला सॉफ्टवेअर कंपनीत. आणि मधल्या खोलीत, देवघराशेजारच्या खाटेवर, सासूबाई इंदुमती. वैशाखात त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. जीभ थोडी जड झाली, एवढंच. बोलणं बंद झालं नव्हतं. शेजारचे लोक म्हणायचे, देवाची कृपा. नीलिमा मान हलवायची.

त्याआधीची चार वर्षं ती हिमायतनगरला एका ऑफिसात अमेरिकेतल्या डॉक्टरांचं टायपिंग करायची. हैदराबादेत तेव्हा त्या कामाचं पीक आलं होतं. तिकडचा डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याचं दुखणं बोलून ठेवणार, ते बोलणं फोनच्या तारेतून इकडे येणार, आणि इकडच्या बायका हेडफोन लावून ते टाइप करणार. पायाखाली शिलाईच्या मशिनीसारखं पेडल. दाबलं की डॉक्टर बोलतो, पाय उचलला की गप्प. चव्वेचाळिसाव्या वर्षी कोर्स करून ती हे शिकली, आणि शिकली म्हणजे अशी शिकली की नाकात बोलणारा, जेवता जेवता बोलणारा, असले सगळे अवघड डॉक्टर तिच्याच वाट्याला यायचे. ऑफिसात कुणी हाक मारली तरी तिला ऐकू यायचं नाही. आणि ऐकू न आल्याबद्दल तिथं कुणी तोंड वाकडं करत नसे. तिला ते फार आवडायचं.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि ऑफिस सुटलं. सोडू का, असं तिनं कुणाला विचारलं नाही, आणि सोड असं तिला कुणी म्हटलंही नाही. असल्या गोष्टी घरात न बोलताच ठरतात. कंपनीची बाई चांगली होती. म्हणाली, घरी बसून करा, फाइली पाठवते. कॉम्प्युटर मात्र तुमचा पाहिजे.

आता आला प्रश्न, कोणता घ्यायचा.

नीलिमाचं ठरलेलं होतं. डेस्कटॉप. मागच्या बाजूला पुष्करची अभ्यासाची खोली रिकामी पडली होती. तिथं टेबल, टेबलावर तो मोठा डबडा, खाली पेडल, पाठीला टेकू देणारी खुर्ची. आणि खोलीला दार. दुपारी सासूबाईंचं जेवण-औषध उरकलं, त्यांचा डोळा लागला, की आपण आत जाऊन दार लावायचं. दोन-तीन तास कुणाची सून नाही, कुणाची बायको नाही. हे एवढंच तिला पाहिजे होतं, आणि नेमकं हेच तिला कुणापाशी बोलता येत नव्हतं. बोलायचं तरी काय? की मला तुमच्या आईपासून दूर बसायचंय?

म्हणून ती नुसती म्हणाली, "डेस्कटॉप बरा."

"अगं, डेस्कटॉप खामखा कशाला?" हिम्मतराव म्हणाले. "तो एकदा ठेवला की ठेवला. लॅपटॉप कसा, उचलला की निघाली. आईपाशी बसूनसुद्धा तुझं काम होईल."

पुष्कर फोनवर म्हणाला, "आई, फ्यूचर लॅपटॉपचंच आहे. आमच्या ऑफिसमध्ये जुने काढतायत, एक तुझ्यासाठी घेतो."

पुण्याहून नणंद अश्विनीचा फोन आला. उंटावरून शेळ्या हाकण्यात तिचा हात कुणी धरला नसता. "वहिनी, लॅपटॉपच घ्या हं. आई एकटी पडायला नको. मी तिथं असते तर रात्रंदिवस तिच्यापाशीच बसले असते."

कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तेच तर अवघड होतं. वाईट असतं तर भांडता आलं असतं. श्रावणातच पुष्कर लॅपटॉप घेऊन आला आणि सगळ्या घरानं हौसेनं तो उघडून पाहिला. "बघ, कुठंही बसून काम करता येतं!" असं तो म्हणाला, तेव्हा नीलिमा हसली. पदरी पडलं, पवित्र झालं.

कुठंही बसून म्हणजे कुठं, ते लवकरच कळलं. खाटेजवळ स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, पेडल खाटेखाली, आणि नीलिमा एका बुटक्या वेताच्या मोड्यावर पाठ वाकवून. पाय पेडलवर ठेवला की सासूबाईंना काहीतरी हवं असायचं. पाणी, कूस बदलणं, लघवीचं भांडं. भांडं नको तर पंखा कमी. तेही नको तर गप्पा.

"काय म्हणायलाय तो?" सासूबाई विचारायच्या.

"एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं आहे, आई."

"बरा होतो का तो?"

"ते नाही सांगितलं अजून."

"असं कसं? पुढं ऐक आणि सांग मला."

मग त्या म्हाताऱ्याचा गुडघा दोघींनी मिळून बरा करायचा. कधीकधी नीलिमाला हसू यायचं. पण बहुतेक वेळा यायचं नाही. कानातला डॉक्टर एक बोले, खाटेवरून दुसरं ऐकू येई, आणि दोन्हीकडची जबाबदारी तिचीच. चुका व्हायला लागल्या. एकदा उजव्या पायाचं दुखणं तिनं डाव्यावर नेलं. कंपनीच्या बाईनं गोड आवाजात सांगितलं, "मॅडम, आधी असं होत नव्हतं." तो गोड आवाज नीलिमाला शिवीपेक्षा लागला. सगळ्या घरात तिचं स्वतःचं असं एकच काम होतं, तेही आता बिघडत चाललं होतं.

स्वयंपाकघरात गेली तर हिम्मतराव लॅपटॉप तिकडे आणून द्यायचे. "घे, भाजी शिजेस्तोवर दोन ओळी होतील." काम तिच्या मागं घरभर फिरायला लागलं, शेपटासारखं.

असं करत खंडेनवमी आली. वसमतकरांकडे हत्यारांची पूजा जोरात. मधल्या खोलीत पाटावर विळी, कात्री, शिलाईची मशीन, हिम्मतरावांचं फाउंटन पेन, स्कूटरची किल्ली, जांबागेच्या फुलबाजारातून आणलेल्या झेंडूच्या माळा. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, हा घरचा नेम. नीलिमानं कंपनीला आधीच कळवलं होतं आणि लॅपटॉप स्वतःच्या हातानं पाटावर नेऊन ठेवला होता. त्याला एक दिवस सुट्टी म्हणजे तिलाही अर्धी सुट्टी. ती नैवेद्याचं बघायला स्वयंपाकघरात गेली.

हिम्मतराव पूजेला बसले. आता झाकण लावून पूजा करायची म्हणजे देवाचं तोंड झाकण्यासारखं, म्हणून त्यांनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर पुष्करनं गणपती लावून दिलेला, तो दिसावा म्हणून चालूही केला. गणपती प्रकट झाला. त्यांनी भक्तिभावानं एक बोट कुंकू लावलं.

"एवढंच?" खाटेवरून सासूबाई म्हणाल्या. "पंचामृत घाल की. तुझ्या बापाच्या टाइपरायटरला मी दरसाल घालत होते, काय झालं त्याला? जन्मभर कोर्टाचं टायपिंग केलं त्यानं."

हिम्मतरावांना ते पटलं. आईचं त्यांना नेहमीच पटे. त्यांनी पळी भरली आणि दूध, दही, तूप, मध, साखर असं सगळं मंत्र म्हणत अक्षरांच्या बटणांवर सोडलं. पहिल्या पळीला गणपती थरथरला. दुसऱ्या पळीला त्याचं नवरात्रातच विसर्जन झालं.

"नीलिमा!" त्यांनी हाक मारली, "याला काय झालं गं?"

नीलिमा धावत आली. बटणांच्या फटींतून मध ओघळत होता. तिनं ते पाहिलं, आणि तिला आनंद झाला. अगदी उघडा, निर्लज्ज आनंद. दुसऱ्याच क्षणी तिला त्याची लाज वाटली आणि ती फडकं आणायला वळली.

कोटी बाजारातल्या दुकानदारानं लॅपटॉप उलटा करून हुंगला. "मशीन को दूध पिलाए क्या साब?" तो म्हणाला. "बोर्ड जल गया. छोड दो." फोनवर पुष्करला आधी खरंच वाटेना. "दूध? बाबा, दूध?" असं त्यानं तीनदा विचारलं, आणि मग हसत सुटला. म्हणाला, जाऊ द्या, दिवाळीपर्यंत दुसरा बघतो.

त्या संध्याकाळी हिम्मतराव आईच्या खाटेवर बसले होते. ओशाळले होते बिचारे. "दुसरा लॅपटॉप आला की पुढच्या वर्षी नुसतं फूल वाहू," ते म्हणाले.

नीलिमा सासूबाईंना भात भरवत होती. "मला लॅपटॉप नको," ती म्हणाली.

"का गं?"

"पाठ दुखते."

"मग उंच स्टूल आणू."

"पेडल नीट बसत नाही."

"खाटेखाली फळी ठोकून देतो की."

"चुका होतात माझ्या."

"होतील सवयीनं कमी. अगं, आईपाशी बसून..."

"मला आईंपाशी बसायचं नाही."

नीलिमाच्या हातातला चमचा तसाच राहिला. इतके महिने गिळलेलं वाक्य असं भाताच्या ताटावर येऊन पडेल, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आता पडलंच होतं, तर तिनं पुढचंही सांगून टाकलं. "सकाळपासून रात्रीपर्यंत मी त्यांच्यापाशीच असते. मी कंटाळले आहे. मागच्या खोलीत मला टेबल पाहिजे. दुपारी दोन-तीन तास मला कुणी हाक मारायची नाही."

हिम्मतरावांचा चेहरा पडला. "आईच्या तोंडावर असं बोलायलीस?" एवढंच ते म्हणाले.

सासूबाईंनी तोंडातला घास सावकाश गिळला. त्यांना गिळायला वेळ लागायचा.

"तोंडावरच बोलली ना," त्या म्हणाल्या. "पाठीमागं बोलली असती तर तुला चाललं असतं का रे? तिला माझा कंटाळा आलाय. मला काय माझा येत नाही? तिला निदान उठून जाता येतं." मग चमच्याकडे बघून, "भर. गार होतंय," आणि मुलाकडे वळून, "तो मोठा डबडा आण तिला. मागच्या खोलीत ठेव."

डबडा आला. सिकंदराबादेहून जोडून आणला. मॉनिटर एवढा मोठा की टेबल भिंतीपासून ओढावं लागलं. फाइली याव्यात म्हणून फोनची लांब वायर मागच्या खोलीपर्यंत नेली. दुपारच्या वेळेला हाकेला म्हणून शेजारच्या बाई येऊन बसायला कबूल झाल्या. सासूबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी अमेरिकेतल्या गुडघ्याची सगळी हकीकत ऐकवली.

नीलिमा आत गेली, दार लावलं, वर कडी घातली आणि खुर्चीत बसली. पहिल्या दिवशी तिनं एक ओळही टाइप केली नाही. टेबलावर डोकं ठेवून ती झोपली, तोंड उघडं टाकून, गाढ. पुढच्या दिवसापासून काम सुरू झालं. चुका थांबल्या. अवघड डॉक्टर परत तिच्याकडे यायला लागले. थकवा गेला असं नाही. तो काही दोन तासांत जाणारा नव्हता. पण संध्याकाळी बाहेर आल्यावर सासूबाईंची कूस बदलताना तिचे हात आधीसारखे रागानं भरलेले नसत.

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. जेवण झालं, औषध झालं, नीलिमानं पांघरूण नीट केलं आणि निघाली.

"नीलू," सासूबाई म्हणाल्या.

"काय आई? भांडं पाहिजे?"

"नाही गं." त्या छताकडे बघत होत्या. "दार लाव तू. खुशाल लाव. पण कडी नको घालूस."

नीलिमाला वाटलं, यांना भीती वाटत असेल. "शेजारच्या काकू आहेत ना. काही लागलं तर त्या बोलावतील मला."

"तसं नाही. मला काय, उठून थोडंच यायचंय तुझ्याकडे." त्या म्हणाल्या, "दार लावलेलं मला ऐकू येत नाही. कडी घातलेली येते."

नीलिमानं सासूबाईंच्या उजव्या, अजून जिवंत असलेल्या हातावर हात ठेवला, काढला, आणि मागच्या खोलीत गेली. दार तिनं लावलं, अगदी हळू. कडीला हात लावला नाही. खुर्चीत बसून तिनं हेडफोन चढवले आणि पेडलवर पाय ठेवला.