साडूचं मागचं दार

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात आगीला माझ्या साडूएवढा भिणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही, आणि कहर असा की याची उभी नोकरी आगीच्या बंबावर झालेली आहे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. याच्यासमोर कुणी बिडी पेटवली की हा गप्पा थांबवून काडीकडं बघत बसतो. काडी खाली पडली की चपलेनं विझवतो, आणि वर पिशवीतल्या बाटलीतलं पाणी ओततो. माझ्या नातीच्या साखरपुड्याला सगळे पाहुणे पोरीकडं बघत होते आणि हा मंगल कार्यालयाचं मागचं दार शोधत होता. दार सापडलं, त्याला सोफा लावलेला होता, आणि सोफ्यावर मुलाचे आजोबा बसलेले होते. यानं हात जोडून म्हटलं, "पाहुणं, जरा उठता का? तुमच्या पाठीमागं दार हाय." आजोबा उठले, सोफा हलला, दार उघडलं, तर बाहेर आचाऱ्यानं गॅसच्या टाक्या दाराला टेकून रचलेल्या. त्या हलवेपर्यंत भाताखालचा जाळ बंद. मुलाकडच्यांना वाटलं, पोरीकडच्यांत काहीतरी बिनसलं. म्या त्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "साडू, इथं जेवायला आलाव का तपासायला?" तर म्हणतो, "अण्णा, जेवाण उशिरा मिळालं तर माणूस कुरकुरतो. दार उशिरा मिळालं तर कुरकुरायला बी ऱ्हात न्हाय." शुभकार्यात असली भाषा.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, जन्म मेंढरांमागं काढला. रानात वणवा लागला तर कळप कुठून काढायचा हे मला कुणी शिकवलं नाही आणि म्या कुणाला विचारलं नाही. त्यामुळं आग शिकवायला पगारी माणूस लागतो हे मला या साडूमुळं कळलं. निवृत्त होऊन नळदुर्गला आला, आता गप घरी बसेल असं वाटलं, तर धाराशिवला नवीन मॉल झाला आणि मालकानं याला सेफ्टी हापिसर म्हणून बोलावून घेतलं. मालकाला हवी होती याची सही. यानं सहीबरोबर स्वतःला बी आणलं. त्याच मॉलमधी वरच्या मजल्यावर माझ्या लेकानं घोंगड्या-चादरींचं दुकान टाकलंय, आणि लोकांना घोंगडं दाखवायला खरा धनगर पाहिजे म्हणून मी तिथं बसतो. जळकोटहून मी बसायचो, नळदुर्गला हा चढायचा. म्हणजे सकाळी साडू, दिवसभर साडू, आणि परतीच्या गाडीत पुन्हा साडू.

मॉलमधी त्याचं काम काय, तर दुसऱ्याला काम करू न देणं. मोबाईलवाल्यानं एका बोर्डाला चार वायरी जोडल्या की हा उपसून टाकणार. भिंतीवरची लाल नळकांडी काढून हलवणार, कानाला लावणार, जसा बाजारात नारळ बघतात तसा. वाळूच्या बादल्यांत लोक पान थुंकतात, म्हणून ही वाळू हा स्वतः चाळतो. बंबावर साहेबी केलेला माणूस, मॉलच्या जिन्याखाली उकिडवा बसून चाळणी हलवतोय, आणि सरकत्या जिन्यावरून लोक त्याच्याकडं बघत वर चाललेत. म्या एकदा म्हटलं, "साडू, दळाण बी टाका म्हंजे घरी पीठ तरी जाईल." हसला नाही. हसायचं त्याला जमत नाही, हसताना बी तो वर छताकडं बघतो.

बरं, आगीपुरतं थांबला असता तर चाललं असतं. पण माणसांच्या तब्येती बी याच्याच अखत्यारीत येतात असं कुठल्याशा नियमात आहे म्हणे. आमचा हमाल चादरीचा गठ्ठा उचलत होता, तर हा धावत आला. "कंबरंतनं नको, गुडघ्यातनं उचल." म्या म्हटलं, मी भरल्या अंगाचा मेंढा खांद्यावर टाकून ओढा ओलांडलाय, मला कुणी गुडघा विचारला नाही. तर म्हणतो, "म्हणूनच आता बसमधनं उतरताना तुमाला काठी लागती." हे चार लोकांत बोलायचं काम नव्हतं. साड्यांच्या दुकानातल्या पोरी सकाळपासून उभ्या असतात, त्यांचे पाय सुजतात, म्हणून त्यांना स्टूल पाहिजे असा यानं धोशा लावला. तिथला मॅनेजर म्हणाला, बसलेली पोरगी गिऱ्हाईकाला आळशी दिसते. साडू म्हणाला, "ठीक हाय. उद्या तुमी अन् मी दोघं दिवसभर उभं ऱ्हाऊ. तुमी ऱ्हायलाव तर स्टूल नको." दुसऱ्या दिवशी हा खरंच जाऊन मॅनेजरशेजारी खांबासारखा उभा राहिला. दुपारच्या जेवणाआधी मॅनेजर पैठण्यांच्या खोक्यावर बसला. स्टुलं आली. तेव्हापासून त्या पोरी याला काका म्हणतात, आणि हा त्यांना एकच गोष्ट शिकवतो: घंटा झाली की मागचं दार.

हे मागचं दार म्हणजे याचा खरा संसार. मॉलच्या पाठीमागं एक अरुंद जिना आहे, वरपासून खालपर्यंत, आणि खाली लोखंडी दार. लोक तिकडं फिरकत नाहीत. तिथं सावली असते, वारा असतो, म्हणून म्या तिथं चादरींचे गठ्ठे ठेवले. यानं ते दुकानात आणून टाकले. म्या परत ठेवले, यानं परत आणले. गठ्ठा उचलताना मात्र गुडघ्यातनं उचलायचा आणि वर आला की कठड्याला धरून धापा टाकायचा. छाती धुरानं गेलेली आहे त्याची. तरी जिना चढून येणार आणि धाप पूर्ण व्हायच्या आत मला नियम सांगणार.

तेवढ्यात मालकानं ठरवलं की हे दार बंद करून तिथं उसाच्या रसाचं दुकान काढायचं. रसवाला तयार, काचेचा काउंटर तयार, फक्त साडूची सही बाकी. साडू म्हणाला, दार गेलं तर मी बी चाललो. आमच्या घरी म्या हा किस्सा हसत सांगितला, की एका दारापायी म्हातारा नोकरी सोडतोय. तेव्हा माझी मेव्हणी, त्याची बायको, आमच्याकडं आलेली होती. ती चुलीपुढून म्हणाली, "भावजी, ते कुणाला सांगत न्हाईत. बंबावर असताना एका कपड्याच्या दुकानाला आग लागलेली. मागच्या दाराला कुलूप, अन् किल्ली घिऊन दुकानदार तुळजापूरला दर्शनाला. दार तोडूस्तवर उशीर झाला. आत चार माणसं हुती. तवापास्नं आमच्या घराला सुदिक आतनं कडी न्हाय." पण तेवढ्यावरून मॉलभर वाळू चाळत हिंडायचं काय कारण, हे मला अजून बी पटलेलं नाही.

नवरात्र आलं. मालकानं मॉलच्या मधोमध मांडव घालून घट बसवले, कामगारांनी अनवाणी धावत तुळजापूरहून ज्योत आणली. साडू देवीचा भक्त, ज्योत आली तेव्हा डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पाणी पुसून लगेच ज्योतीखाली वाळूची परात ठेवली, भोवती काच लावली, मांडवाचं कापड वर बांधून घेतलं. देवीपासून देवीलाच जपणारा असा भक्त म्या दुसरा पाहिला नाही. मालक मांडवात खुशीत होता. म्हणाला, "काका, त्या दारानं कुणी जातं का? एक माणूस दाखवा. उद्या तुमची ती मॉक ड्रिल करा, गर्दीत करा. एक जरी माणूस घंटा ऐकून त्या दारानं भायेर आला, तर रसवाल्याला न्हाय म्हणतो. देवीसमोर बोलतोय." साडू रात्रभर झोपला नसावा. सकाळी गाडीत चढला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, जसा काही नवरदेव. दुकानादुकानात जाऊन सांगून आला.

पण मालकिणीचे सोलापूरचे पाहुणे लवकर परतणार होते, म्हणून संध्याकाळची आरती दुपारीच, नेमकी ड्रिलच्या सुमाराला करायचं ठरलं, आणि हे साडूला कुणी सांगितलं नाही. त्यातून मांडवात त्याच दिवशी विजेवरचं आरतीचं यंत्र आणलेलं, बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा सगळं आपोआप. त्याचा आवाज अजून कुणी ऐकला नव्हता. ठरल्या वेळी साडूनं आगीची घंटा वाजवली. अख्खा मॉल घणाणला, आणि अख्ख्या मॉलनं हात जोडले.

मी वरून कठड्यापाशी उभा होतो. खाली बायका टाळ्या वाजवायला लागल्या, पोरांना कडेवर घेऊन देवी दाखवायला लागल्या. रस्त्यावरच्या लोकांनी आरती ऐकली तसे ते बी आत यायला लागले, आणि देवीपुढं जायचं म्हणून पुढच्या दारात चपला काढायला लागले. जे दार मोकळं ठेवायचं त्या दारात चपलांचा ढीग. साडू भोंगा घेऊन ओरडतोय, "भायेर चला, शिस्तीत चला," आणि एक बाई त्याला म्हणते, "काका, हळू बोला, आरती चाललीय." साड्यांच्या दुकानातल्या पोरी, ज्यांना स्टुलं मिळाली त्या, डोळे मिटून उभ्या. एकीला यानं हलवलं तर ती म्हणाली, "काका, आरती सोडून कसं जायचं?" तिकडं मागच्या दाराबाहेर मालक आणि रसवाला हसत उभे असणार, हे मला वरूनच कळत होतं. साडूनं भोंगा खाली केला. वर बघितलं. छताकडं नाही, माझ्याकडं बघितलं असं मला वाटलं, पण त्याचा चष्मा जाड आहे, काही सांगता येत नाही.

आता माझं एक आहे. आरतीला झांज माणसानं वाजवावी. विजेवरच्या नगाऱ्यापुढं मी हात जोडत नाही, कुणी मला कितीबी जुनाट म्हटलं तरी. मला राग आला, म्या काठी उचलली आणि मागच्या जिन्यानं खाली निघालो. पुढून जायला चपलांच्या ढिगात पाय कोण घालणार? जिना मोकळा होता, माझे गठ्ठे यानं सकाळीच हलवलेले. खालचं लोखंडी दार ढकललं आणि उन्हात आलो. समोर मालक. त्याचं हसू तिथंच राहिलं. तेवढ्यात मागून साडू धापा टाकत आला.

मालक म्हणाला, "ह्यो तर तुमचा साडू हाय. ह्यो धरायचा न्हाय."

साडूला धाप लागली होती, बोलता येईना. म्हणून म्या विचारलं, "का? साडू माणूस न्हाय का?"

"आजोबा, तुमी घंटा ऐकून आलाव का ह्यांनी सांगितलं म्हणून?"

म्या म्हटलं, "घंटा ऐकूनच आलो. आन् ह्याचं सांगितलेलं म्या आजवर काय बी ऐकलेलं न्हाय, मॉलमधी कुणालाबी इचारा." शब्द देवीसमोर दिलेला, म्हणून मालकानं रसवाल्याला नाही म्हटलं. रसवाला काचेचा काउंटर घेऊन बसस्टँडकडं गेला. साडूनं माझे आभार मानले नाहीत आणि म्या मानू दिले नसते. तो गेला आणि दाराच्या बिजागरीला तेल घालत बसला.

संध्याकाळी गाडी मिळाली. एसटीत हा माणूस कधी डोळा मिटत नाही. धोक्याच्या खिडकीजवळची जागा पकडतो, तिची कडी हलवून बघतो, आणि ड्रायव्हर पेंगतोय का ते मानेवरून ओळखत बसतो. म्हणतो, सगळी गाडी झोपलेली असताना एक जण जागा पाहिजे. त्या दिवशी तुळजापूर सोडलं आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. आधी म्या खांदा झटकला, तर ते पुन्हा आलं. श्वासाबरोबर त्याच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती, जवळ बसल्याशिवाय ती ऐकू येत नाही. मी ड्रायव्हरच्या मानेकडं बघत बसलो. त्या एका दिवसापुरतं बघितलं, रोज काही मी बघणार नाही.

नळदुर्ग आलं. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ह्यांचं गाव आलं, उठवा." म्या जळकोटपर्यंतचं त्याचं बी तिकीट काढलं, आणि मेव्हणीला फोन लावून हळू आवाजात सांगितलं, "तुझा नवरा आमच्याकडं जेवंल. सकाळी धाडतो. झोपलाय, झोपू दे."