पाच तुकड्यांचा बैल

मी संशयी माणूस नाही. समोरचा काहीतरी लपवतोय, एवढंच मला आधीपासून ठाऊक असतं.

त्यामुळे भाच्यासाठी खेळणं घ्यायला मी जळगावच्या बाजारात गेलो, तेव्हा ते काम चटकन उरकणार नव्हतंच. माझी बहीण कमल धुळ्याजवळच्या एका खेड्यात दिलेली. तिच्या बापूला तिसरं वर्ष लागलं होतं आणि अक्षय तृतीयेच्या आधी त्याचं जावळ काढायचं ठरलं होतं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, ही आपली रीत. पण बापूला मामा दोन. सख्खा मी, आणि दुसरा आमचा नशिराबादचा चुलतभाऊ दगडू. दगडू सगळ्यांना आवडायचा, सदा हसतमुख असायचा (हसतमुख माणसाचा मला पहिला संशय येतो), आणि कमलच्या सासरी त्याचं माझ्यापेक्षा जास्त जाणं-येणं होतं. निघण्याआधी आईने मला बजावलं होतं की काहीही होवो, बापू तुझ्याच मांडीवर बसला पाहिजे, नाहीतर गावाला तोंड दाखवायची सोय राहणार नाही. म्हणजे खेळणंही असं हवं होतं की पोराने पाहताक्षणी माझ्याकडे धाव घ्यावी.

दुकानदाराने खुळखुळा दाखवला. मी विचारलं, आत काय आहे? खडे, म्हणाला. मी म्हटलं, ते कुठले आणि फुटून तोंडात गेले तर? त्याने भोवरा दाखवला, त्याला आर होती. पत्र्याची मोटार दाखवली, तिच्या कडा मी बोट फिरवून तपासल्या आणि बोट चोखत परत दिली. शिट्टी गिळण्यासारखी होती. दोरी बांधून ओढायचा लाकडी गाडा बरा होता, पण असला बिनडोक खेळ दगडूच घेणार, अशी माझी खात्री होती. शेवटी दुकानदाराने पंचा खांद्यावर टाकला.

"साहेब, पोराला खेळायला द्यायचंय, का साक्षीला उभं करायचंय?"

मी तडक बाहेर पडलो. मी ज्या कापसाच्या जिनमध्ये कारकून होतो, तिथल्या हेडक्लार्कने मला सांगितलं होतं की लहान मुलाला तुकडे जुळवायचा खेळ द्यावा, त्याने मेंदू तल्लख होतो. मग मी स्वतःच बेत आखला. शेतकऱ्याघरचं पोर, त्याला बैल ओळखीचा. एका सुताराकडून आंब्याच्या फळीवर छान पांढरा बैल रंगवून घेतला आणि त्याचे पाच तुकडे करायला सांगितले: डोकं, वशिंड, पोट, पुढचे पाय, आणि शेपटीसकट मागचे पाय. सुतार करवत हातात धरून जरा घुटमळला. म्हणाला, "बैल कापायचा ना? नक्की?" मला वाटलं, मजुरी वाढवतोय. मी म्हटलं, "काप."

दुसऱ्या दिवशी एस.टी.तून उतरून कमलच्या घरी पोचलो, तर दगडू आधीच ओसरीवर. सोबत केळीचा भलाथोरला घड, आणि बापूच्या हातात दोरीचा लाकडी गाडा! बापू तो ओढत अंगणभर पळत होता आणि दगडू त्याच्यामागे बैलासारखा हंबरत होता. माझ्याकडे पोराने ढुंकूनही पाहिलं नाही.

कमलचे यजमान, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांनी मला मानाने खुर्ची दिली. घरात तेवढी एकच खुर्ची होती. ती डुगडुगत होती. (दगडू घोंगडीवर बसला होता आणि घोंगडी डुगडुगत नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.) वेळ न दवडता मी पिशवी उघडली आणि बैलाचे तुकडे ओसरीवर ओतले.

कमलची सासू, अक्का, दळण निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. पांढरं डोकं बघितलं, वेगळं पडलेलं पोट बघितलं, आणि तिचा चेहरा सुकला.

"भाऊ, बैलना तुकडा करीसन लयनात?"

मी म्हटलं, "अक्का, खेळणं आहे. याने मेंदू तल्लख होतो."

पण अक्काचं लक्ष गोठ्याकडे होतं. त्यांच्या जोडीतला पांढरा बैल त्याच सकाळपासून मागच्या पायाने लंगडत होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांनी एकदम सांगितलं. शेजारपाजारची माणसंही कुंपणावरून डोकावू लागली. जावळाच्या दिवशी, पेरणीच्या तोंडावर, जळगावचा मामा घरच्या बैलाचे तुकडे करून पिशवीत घालून आणतो म्हणजे काय! मी उठत होतो, बसत होतो, समजावत होतो, आणि माझ्याखाली खुर्ची टकटक करत होती. नाना बिचारे भले माणूस. पाहुण्याची गैरसोय नको म्हणून त्यांनी वाकून खुर्चीच्या पायाखाली काहीतरी सारलं.

अक्काने निकाल दिला. "पहिले बठ्ठा बैल जोडा. मंग जावळ."

आख्खा बैल जोडायचा, एवढंच ना! मी खाली बसून बैल जोडायला घेतला. डोकं लावलं, वशिंड लावलं, पोट, पुढचे पाय. मागचे पाय नव्हते. पिशवी झटकली, ओसरी धुंडाळली, सूपसुद्धा उलटं केलं. नाहीत.

अक्का अगदी हळू बोलली. "तठे गोठामा बैल लंगडस, आन आठे त्याना पायच नही."

मग ती दगडूकडे वळली आणि म्हणाली की मुहूर्त टळतोय, तूच मांडी घालून बस. कमलने माझ्याकडे असं पाहिलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि दगडू हसला! कदाचित तो मला धीर द्यायला हसला असेल. पण माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाय हरवणं कुणाच्या फायद्याचं? दगडूच्या! मी त्याचं गाठोडं ओढलं आणि सगळ्यांदेखत सोडलं. त्यात एक धोतर निघालं, दशम्या निघाल्या, आणि लोकरीची एक टोपी निघाली. टोपी माझ्यासाठी होती. मला एस.टी.त वारा लागून कान दुखतात, हे त्याच्या लक्षात होतं.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, टोपी आणली म्हणजे याच्या मनात काहीतरी आहेच. मी पुन्हा खुर्चीवर बसलो, वकिलासारखा अर्धवट उठलो, दगडूकडे बोट रोखलं आणि म्हणालो, "ते पाय या ओसरीवरच आहेत, आणि चोर माझ्या डोळ्यांसमोर आहे!"

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं म्हणाल तर चोर माझ्या खाली होता. खुर्चीच्या पायाखाली पालथा घातलेला तो लाकडाचा तुकडा बापूने नेमका तेवढ्यात ओढला, उलटा केला, आणि त्याची रंगीत शेपटी पाहून आनंदाने ओरडला. मी भाषण संपवून ऐटीत बसलो. खुर्ची एका अंगाला कलली, मी दुसऱ्या, आणि ओसरीच्या कडेवरून थेट अंगणात गेलो.

भानावर आलो तेव्हा बापूने बैल पुरा जुळवलेला होता आणि माझा उजवा पाय उचलवत नव्हता. दगडूने मला पाठीवर घेऊन वर आणलं. नाना शरमेने अर्धे झाले होते. तेवढ्यात गोठ्यातून गडी आला आणि म्हणाला, बैलाच्या खुरातून बाभळीचा काटा निघाला, बैल सरळ उभा आहे.

अक्काने एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या पायाकडे. मग उठून तिने माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

"मामानी बैलना पाय सोतावर लिधा," ती म्हणाली. "सख्खा तो सख्खाच."

काटा, खुर्ची, नाना, सगळं समजावून सांगायला मी तोंड उघडलं होतं. कमलने माझा दंड असा दाबला की मी ते मिटलं. जावळ माझ्याच मांडीवर झालं, म्हणजे डाव्या. उजवी लांब पसरलेली होती आणि मागून पाठीला टेकू दगडूचा होता. बापू वस्तऱ्याखाली रडला नाही, कारण त्याच्या हातात बैल होता. मी रडलो, पण ते दुखण्याने.

आईला हवं ते मिळालं, कमलची मान वर राहिली, आणि त्या गावात माझा मान इतका वाढला की विचारू नका. आजही तिथे कुणाची गाय दूध चोरते, कुणाचा रेडा चारा सोडतो, की धुळ्याच्या एस.टी.बरोबर आमच्याकडे निरोप येतो: "मामाले धाडा. खुर्ची तयार शे."