गवताचं औषध

आमचे काका चाळीस वर्षं एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. निवृत्त होऊन घराच्या कंपाउंडमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले, तेव्हा काकू म्हणाली, "आता खरे कंपाउंडर झालात!" समोरचं लॉन मात्र काकूचं. एकेक काडी वीतभर अंतरावर खोचून तिने ते वाढवलेलं. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे जाताना तिने एकच मागणं केलं. "परत आले की काठी टाकून पहिली पावलं माझ्या गवतावर टाकणार. तेवढं जपा."

कागदावर लिहूनही दिलं होतं: पाणी तीन दिवसांनी, पण मुळांपर्यंत मुरेल इतकं, कापायचं ते फक्त वरचा तिसरा हिस्सा. काकांना हे पटेना. तीन-तीन दिवस कुणाला उपाशी ठेवतात का? त्यांनी सकाळ-दुपार-संध्याकाळ झारीने एकेक डोस सुरू केला. पाणी वरच्यावर, म्हणून मुळंही वरच्यावर. ऊन वाढलं तसं गवत पिवळं पडलं. मग त्याला जरा हलकं वाटावं म्हणून काकांनी ते बुडापासून कापलं. मी शेजारीच राहते. कुंपणावरून ओरडले, "अहो काका, आजाऱ्याचं टक्कल करतात का?"

"ताप डोक्यात चढला की करतात," ते म्हणाले.

पुढे कोपऱ्यावरचे गॅरेजवाले म्हणाले पाणी वाढवा, पोस्टमन म्हणाला बंद करा. काका दोघांनाही 'बरोबर' म्हणाले आणि बी-बियाण्यांच्या दुकानात गेले. "गवताचं औषध द्या." दुकानदाराने गवत केवढ्या जागेत आहे ते विचारून बाटली दिली. जन्मभर बाटल्यांवर मात्रेच्या पट्ट्या चिकटवलेल्या माणसाने मात्रा तेवढी नीट वाचली, मोजून पंपात कालवली आणि फवारली. पाच दिवसांनी गवत आणखी पिवळं झालं, तेव्हा "औषध लागू पडतंय" म्हणून दुसरा डोस दिला.

पंधराव्या दिवशी अंगणाचा पार पापड झाला. मी बाटली फिरवून मागची बाजू वाचली. तणनाशक!

"पण मी गवताचंच औषध मागितलं गं," काका म्हणाले.

"त्याने तेच दिलं, काका. गवत मारायचं."

ते पायरीवर बसले. "खोकल्याचं औषध खोकला घालवतं. पण डोळ्यांचं औषध काही डोळे घालवत नाही. मग गवत खोकल्यात धरायचं, की डोळ्यांत?" मला हसू फुटलं आणि तिथल्या तिथे विरलं. चाळीस वर्षांत त्यांच्या हातांनी कधी चुकीची बाटली दिली नव्हती. मला फार वाईट वाटलं.

काकूचा रोज फोन यायचा. "गवत कसंय?" काका म्हणायचे, "पडून आहे." तेही खोटं नव्हतं.

काकू आली ती काठी टेकत. फाटकातच थांबली. काकांनी तिच्या हातात बाटली दिली आणि सगळं सांगितलं, अगदी दोन्ही डोसांसकट. मग तिने काठी माझ्याकडे दिली, काकांचा खांदा घट्ट धरला आणि त्या करकरणाऱ्या वाळक्या काड्यांवर सहा पावलं टाकली. वळून म्हणाली, "त्या दुकानात नवऱ्याचं औषध मिळतं का, विचारलंत?"

आता काका जमीन उकरून, वीत मोजत नव्या काड्या खोचताहेत. काकू खुर्चीत बसून हुकूम सोडते आहे. मघाशी ती चहा करायला आत गेली, तसे ते कुंपणाशी आले आणि हळूच म्हणाले, "तुला काय वाटतं गं? तिला ते नवऱ्याचं औषध कुठलं हवं होतं? खोकल्यातलं, की डोळ्यांतलं?"